कचरा मातीत जातो, जबाबदारी नावावर राहते

व्यापारात देणे दोन प्रकारचे असते. एक वहीत लिहिलेले असते. त्याची तारीख, रक्कम आणि घेणेकरी आपल्याला ठाऊक असतात. दुसरे वहीत नसते, पण असते. कारखान्याच्या मागे टाकलेला रंगाचा गाळ, ट्रॅक्टरवाल्याला “कुठेतरी नेऊन टाक” म्हणून दिलेली पोती, जुन्या खाणीत ओतलेले आम्ल, हे सारे दुसऱ्या प्रकारचे देणे आहे. पंधरा-वीस वर्षांनी ते वसुलीला येते, तेव्हा मुद्दलापेक्षा व्याज मोठे झालेले असते.

कापड, चामडे, चांदी, भंगार, ओतकाम, गॅरेज या धंद्यांत आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. या प्रत्येक धंद्यातून असा काही कचरा निघतो, जो भाजीच्या देठांसारखा कुजून संपत नाही. म्हणून दूषित जमीन साफ करण्याचा खर्च कोणाच्या माथी येतो, त्याची वाटणी कशी होते, आणि त्यासाठी आज आपण कोणते कागद जपले पाहिजेत, हे या लेखात क्रमाने पाहू.

सफाई म्हणजे नेमके काय?

कोल्हापूरकरांना कचरा डेपो म्हटले की कसबा बावड्याच्या लाईन बाजारचा ढीग आठवतो. असा ढीग वर दिसतो तेवढाच नसतो. पावसाचे पाणी त्यातून झिरपते, वाटेत जे विरघळेल ते बरोबर घेते, आणि काळे पाणी होऊन खाली उतरते. आमच्या कळंब्यात हे समजावून सांगावे लागत नाही. येथला तलाव एकोणिसाव्या शतकात कोल्हापूर शहराला पाणी देण्यासाठी बांधला गेला. वरच्या अंगाला जे पडते ते पाण्याबरोबर खालच्या अंगाला येते, हे तलावाकाठच्या माणसाला ठाऊक असते.

ढिगात केवळ घरचा कचरा असेल तर तो उपसून, चाळून, माती, प्लास्टिक आणि दगड वेगळे करता येतात. याला बायोमायनिंग म्हणतात. पण त्यात कारखान्याचा गाळ, काळे तेल, बॅटरीचे शिसे, मुलाम्याच्या कामातले सायनाइडचे पाणी किंवा चामड्याचे क्रोम मिसळले असेल, तर काम फार वाढते. आधी ठिकठिकाणी बोअर घेऊन माती आणि पाणी तपासावे लागते. मग दूषित माती उचलून घातक कचऱ्याच्या परवानाधारक केंद्रात न्यावी लागते. पश्चिम महाराष्ट्रासाठी असे केंद्र पुणे जिल्ह्यात रांजणगावला आहे. त्यानंतर विहिरींचे पाणी उपसून शुद्ध करावे लागते, आणि पुढची कित्येक वर्षे तपासणी चालू ठेवावी लागते. टाकायला शंभर रुपये लागले तर काढायला हजारो लागतात, ते यामुळे.

नाव सापडत नाही तेथे काय होते?

मुंबईचे देवनार पाहा. १९२७ पासून तेथे शहराचा कचरा पडत आला. जानेवारी २०१६ मध्ये तेथे मोठी आग लागली आणि अर्ध्या मुंबईवर धूर पसरला. त्या आगीच्या तपासात पोलिसांनी काही भंगार व्यापाऱ्यांना अटकही केली. पुढे २०२४ मध्ये राज्य सरकारने देवनारची सुमारे १२४ एकर जागा धारावी पुनर्विकासातील घरांसाठी देण्याचे ठरवले. मग प्रश्न आला, ढीग कोणी उचलायचा? मे २०२५ मध्ये मुंबई महापालिकेने १८५ लाख टन जुना कचरा हटवण्यासाठी २,३६८ कोटी रुपयांची निविदा काढली. जागेचा लाभ एकाला आणि सफाईचा खर्च करदात्याला, हे कसे, असा वाद त्यावरून झाला.

या वादाच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. जवळजवळ शंभर वर्षांत त्या ढिगावर कोणी काय टाकले याची वही नाही. नाव सापडत नाही, म्हणून खर्च सर्वांच्या माथी. शहरी कचऱ्याच्या जुन्या ढिगाची जबाबदारी कायद्याने स्थानिक संस्थेवर आहे, आणि स्थानिक संस्थेचा पैसा म्हणजे घरपट्टी भरणाऱ्यांचा पैसा. सरकारही यातून सुटत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने सांडपाणी आणि घनकचरा यांच्या व्यवस्थेतील त्रुटींबद्दल महाराष्ट्र शासनावर १२,००० कोटी रुपयांची भरपाई बसवली. ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

नाव सापडते तेथे काय होते?

आता दुसरे टोक. हे उदाहरण आपल्या कापड धंद्याशी थेट जोडलेले आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात बिछडी नावाचे गाव आहे. १९८८ च्या सुमारास तेथे एका उद्योगसमूहाच्या कारखान्यांत एच ॲसिड तयार होऊ लागले. सुती कापडाचे अनेक रंग बनवताना लागणारा हा कच्चा माल. माल परदेशी जात होता. काम चालले जेमतेम वर्षभर, १९८९ च्या सुरुवातीपर्यंत. तेवढ्यात सुमारे ३७५ टन एच ॲसिड निघाले आणि त्यामागे सुमारे २,४४० टन गाळ. म्हणजे एका टन मालामागे साडेसहा टन घाण. हा गाळ कारखान्याच्या आवारात आणि आजूबाजूला उघड्यावर पडून राहिला. पावसाने तो जमिनीत गेला. सुमारे ३५० हेक्टर क्षेत्रातील साठएक विहिरींचे पाणी लाल-काळे झाले. ते माणसांना, जनावरांना आणि पिकांनाही चालेना.

१९८९ मध्ये एका पर्यावरण संस्थेने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी निकाल लागला. न्यायालयाने सांगितले की, धोकादायक धंदा करणाऱ्याने काळजी घेतली होती की नाही हा प्रश्नच नाही. नुकसान झाले की तो भरून देण्यास बांधील आहे, आणि त्यात लोकांच्या नुकसानीबरोबर जमीन-पाणी पूर्ववत करण्याचा खर्चही येतो. जो घाण करतो तो पैसे भरतो, हे तत्त्व आपल्या देशात पक्के झाले ते याच निकालाने. एकाच व्यवस्थापनाखालचे वेगवेगळ्या नावांचे कारखाने न्यायालयाने वेगळे मानले नाहीत. कंपनीची पाटी बदलली म्हणून देणे बदलत नाही.

नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, या जागेची पाहणी केली होती. त्या आधारे सफाईचा खर्च ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये धरला गेला आणि ४ नोव्हेंबर १९९७ रोजी न्यायालयाने तो भरण्यास सांगितले. कंपनीने पैसे भरले नाहीत. अर्जामागून अर्ज करत चौदा वर्षे काढली. शेवटी १८ जुलै २०११ रोजी न्यायालयाने ती रक्कम १९९७ च्या त्या तारखेपासून दरसाल १२ टक्के चक्रवाढ व्याजाने भरावी असा आदेश दिला, शिवाय खर्चापोटी १० लाख रुपये वेगळे.

व्यापाऱ्याने हा हिशेब मांडून पाहावा. १२ टक्के चक्रवाढीने रक्कम साधारण सहा वर्षांत दुप्पट होते. १९९७ चे ३७ कोटी २०११ मध्ये पावणेदोनशे कोटींच्या घरात जातात. तारीख लांबवणे ही वकिलाच्या लेखी युक्ती असेल, पण सफाईच्या देण्यात ते महागात पडते. न भरलेला पैसा तुम्ही वापरत राहिलात, त्याचा फायदा तुमच्याकडे राहू देणार नाही, असा न्यायालयाचा रोख होता.

आपल्याच बिरादरीचे उदाहरण

तामिळनाडूत वाणियमबाडी, अंबूर या गावांतील चामड्याचा व्यापार बहुतांशी मुस्लिम व्यापाऱ्यांचा आहे. तेथील टॅनरींच्या पाण्यामुळे पालार नदीकाठची शेती आणि विहिरी बिघडल्या. २८ ऑगस्ट १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिला. चामडे देशाला परकीय चलन मिळवून देते हे न्यायालयाने मान्य केले. पण म्हणून पाणी बिघडवण्याचा परवाना मिळत नाही असे बजावले. प्रत्येक टॅनरीवर १०,००० रुपये दंड बसला. नुकसान ठरवण्यासाठी वेगळे प्राधिकरण नेमायला सांगितले. भरपाई वेळेवर न दिल्यास जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यामार्फत वसूल करण्याची सोयही निकालात होती. याचा अर्थ मालमत्तेवर थेट टाच.

तेही प्रकरण तेथे संपले नाही. ३० जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच भागाबद्दल पुन्हा निकाल दिला, की पीडितांना भरपाई आधी सरकारने द्यावी आणि मग ती प्रदूषण करणाऱ्यांकडून वसूल करावी. जवळजवळ २९ वर्षांचा हा काळ. १९९६ मध्ये धंदा करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची मुले आज गादीवर बसली असतील.

कोणाकोणाला विचारले जाते?

चौकशी सुरू झाली की साधारणपणे चौघांकडे पाहिले जाते. पहिला, ज्याच्या धंद्यातून कचरा निघाला तो. दुसरा, ज्याने तो वाहून नेला तो. तिसरा, ज्याच्या जागेत किंवा केंद्रात तो पडला तो. चौथा, ज्याने पाहूनही रोखले नाही ती स्थानिक संस्था किंवा खाते. २०१६ च्या घातक कचरा नियमांत क्रमांक २३ चा नियम आहे. त्याप्रमाणे कचरा नीट न हाताळल्याने पर्यावरणाचे किंवा तिऱ्हाइताचे नुकसान झाले तर कचरा निर्माण करणारा आणि केंद्र चालवणारा हे दोघेही जबाबदार धरले जातात. “मी ट्रॅक्टरवाल्याला पैसे दिले होते” हे उत्तर तेथे चालत नाही. पैसे कशाचे दिले, त्याला परवाना होता का, आणि माल पोचल्याची चिठ्ठी कोठे आहे, हे तीन प्रश्न लगेच येतात.

छोट्या कारागिराला वाटते की आपला कचरा तो किती, आपल्याला कोण विचारणार? तिरुप्पूरचे उदाहरण लक्षात ठेवावे. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा मोठ्यांबरोबर छोटेही बंद झाले. इचलकरंजीसारख्या ठिकाणी सामाईक प्रक्रिया केंद्राला जोडलेल्या प्रोसेसवाल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. केंद्र सामाईक असले की त्याचा गाळही सामाईक असतो.

वाटणीचा हिशेब

एका जागी अनेकांचा कचरा असेल तर काय? २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १७ मध्ये याची सोय आहे. नुकसान एकाच्या कामामुळे झाले असे दाखवता येत नसेल आणि ते अनेकांच्या कामांचा एकत्रित परिणाम असेल, तर न्यायाधिकरण त्या सर्वांमध्ये जबाबदारीची न्याय्य वाटणी करू शकते. याच कलमाने चूक सिद्ध करण्याची अटही काढून टाकली आहे.

समजा, एका जुन्या खाणीत तीन रंगाई कारखान्यांचा गाळ सापडला आणि सफाईचा खर्च ६० लाख रुपये ठरला. कोणाकडे वही नाही, म्हणून उत्पादनावरून अंदाज बांधला गेला: पहिल्याचा १०० टन, दुसऱ्याचा ५० टन, तिसऱ्याचा ५० टन. वाटणी झाली ३० लाख, १५ लाख आणि १५ लाख. पण तिसरा कारखाना केव्हाच बंद झाला आहे आणि मालकाकडे काही नाही. त्याचे १५ लाख उरलेल्या दोघांवर त्यांच्या प्रमाणात टाकले, तर पहिल्यावर १० आणि दुसऱ्यावर ५ लाख वाढतात. दुसरा आता २० लाखांचा देणेकरी झाला.

आता असे धरा की दुसऱ्याकडे पावत्या आहेत. त्याच्या ५० टनांपैकी ४० टन परवानाधारक केंद्रात गेल्याचे तो कागदाने दाखवतो. खाणीत त्याचा गाळ फक्त १० टन उरतो. मग वाटणी १००, १० आणि ५० अशी होते. त्याचा हिस्सा १५ लाखांवरून पावणेचार लाखांवर येतो. पळालेल्याचा बोजा धरूनही साडेपाच लाखांच्या आत राहतो. कोठे २० लाख आणि कोठे साडेपाच! ही आकडेमोड कल्पित आहे, पण यातला धडा खरा आहे. वाटणी वजनावर होते. वजन तुमच्या वहीत असेल तर ते तुमचे. वहीत नसेल तर दुसऱ्याच्या अंदाजाचे.

जागा विकली, भागीदारी सोडली, मालक वारला

पुष्कळांची समजूत असते की खरेदीखत झाले की सुटलो. अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनाल नावाची जागा आहे. एका रसायन कंपनीने तेथे १९४२ ते १९५३ या काळात सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा पुरला. १९५३ मध्ये ती जागा शाळा मंडळाला फक्त एका डॉलरला विकली, आणि पुढे काही झाले तर कंपनी जबाबदार नाही असे खतात लिहून घेतले. वर शाळा झाली, आसपास घरे झाली. १९७८ मध्ये घाण वर आली, आणीबाणी जाहीर झाली, शेकडो कुटुंबे हलवावी लागली. यातूनच १९८० मध्ये तेथे सुपरफंड कायदा झाला. खतातले ते वाक्य कंपनीला वाचवू शकले नाही. ती कंपनी ज्यांनी पुढे विकत घेतली, त्यांना १९९५ मध्ये केंद्र सरकारला १२ कोटी ९० लाख डॉलर देण्याचे कबूल करावे लागले. कंपनी विकत घेताना तिच्या मालाबरोबर तिची घाणही आली.

आपल्याकडे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ विक्रेत्यावर जबाबदारी टाकते. साध्या तपासणीत खरेदीदाराला दिसणार नाही असा जागेचा मोठा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. जमिनीखाली पुरलेला गाळ हा असाच दोष आहे. खरेदीखतात “मागील प्रदूषणाचा खर्च विकणारा सोसेल” असे कलम जरूर घालावे. पण ते दोघांतले आहे हे विसरू नये. मंडळ किंवा न्यायाधिकरण तुमच्याकडे मागेल तेव्हा आधी तुम्हाला भरावे लागेल, आणि मग विकणाऱ्याच्या मागे जावे लागेल. तो तोवर सापडला तर!

काही वर्षांपूर्वी गोदामासाठी आम्हाला एक प्लॉट दाखवला गेला. भाव आसपासच्या जागांपेक्षा बराच कमी. सातबारा साफ, फेरफार साफ. शेजारच्या शेतकऱ्याने बोलता बोलता सांगितले की येथे दगडाची खाण होती, नंतर गाड्या येऊन ती भरून गेल्या. भराव कशाचा, हे दलालाला ठाऊक नव्हते, की सांगायचे नव्हते. माती तपासून द्या म्हटल्यावर सौदा थंडावला. कागद साफ असणे आणि माती साफ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भागीदारीचा नियमही माहीत असावा. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम २५ प्रमाणे प्रत्येक भागीदार पेढीच्या कामाबद्दल इतरांबरोबर आणि एकटाही जबाबदार असतो. कलम ३२ प्रमाणे निवृत्त होण्यापूर्वीच्या कामांतून तो सहसा सुटत नाही, आणि जाहीर नोटीस दिली नाही तर नंतरच्या कामांतही अडकू शकतो. दोन भावांनी वेगळे होताना माल, उधारी आणि यंत्रे मोजली जातात. आवारातला गाळ कोणी मोजत नाही. तो मोजावा, वजन लिहावे, दोघांनी सही करावी.

मालक वारला तर? मय्यतीचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत आणि शेवटी वारसांची वाटणी, हा क्रम आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. जमीन साफ करण्याचे देणे हे कर्जच आहे. वारसावर ते त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरते येते, खिशातून नव्हे. पण कारखान्याची जागाच मिळालेली असेल तर तीच त्या देण्यात जाऊ शकते. मुलांना जागा देताना तिचा इतिहासही लिहून द्यावा.

२०२५ चे नवे नियम

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम लागू केले. दूषित जागा ओळखण्यापासून ती साफ करण्यापर्यंतचा कायदेशीर मार्ग देशात प्रथमच आखला गेला. थोडक्यात क्रम असा आहे.

१) जिल्हा प्रशासन किंवा स्थानिक संस्था, स्वतःहून किंवा लोकांच्या तक्रारीवरून, संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी करते.
२) राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करते. गरज असेल तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर पाहणी होते. कोणकोणती घातक रसायने पाहायची याची यादी नियमांतच दिलेली आहे.
३) प्रमाण मर्यादेबाहेर आढळले तर जागा दूषित म्हणून जाहीर होते आणि तिच्या वापरावर बंधने येतात.
४) मंडळ ९० दिवसांत जबाबदार माणूस किंवा संस्था शोधते. सफाईचा खर्च त्यांच्याकडून घेतला जातो.
५) जबाबदार कोणी सापडला नाही किंवा तो खर्च करू शकत नसेल, तर केंद्र आणि राज्य सरकार व्यवस्था करतात.

साधा शहरी कचरा डेपो, खाणकाम, किरणोत्सारी कचरा आणि समुद्रातील तेल यांना वेगळे कायदे असल्याने ते या नियमांतून वगळले आहेत. मात्र डेपोतल्या कचऱ्यात घातक रसायने मर्यादेपलीकडे मिसळलेली असतील, तर तीही जागा या नियमांखाली येते. म्हणजे रात्री गुपचूप नगरपालिकेच्या ढिगावर टाकलेला गाळ त्या ढिगाचे स्वरूपच बदलून टाकतो. तिसऱ्या पायरीकडे व्यापाऱ्याने विशेष लक्ष द्यावे. जागा एकदा दूषित जाहीर झाली की ना ती सहज विकता येईल, ना बँक ती तारण घेण्यास उत्सुक असेल.

याशिवाय ४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रदूषण नियंत्रण मंडळे स्वतःच नुकसानभरपाईची रक्कम ठरवून मागू शकतात, संभाव्य हानीसाठी आधीच बँक गॅरंटीही घेऊ शकतात. पर्यावरण संरक्षण कायद्याखालचा दंडही १ एप्रिल २०२४ पासून १० हजार ते १५ लाख रुपये असा झाला आहे. दंड भरला म्हणजे सफाई माफ झाली असे मात्र नाही; ती दोन वेगळी खाती आहेत.

आज काय करावे?

१) मंडळाचे संमतीपत्र चालू तारखेचे ठेवा. कापड बाहेरून रंगवून घेत असाल तर प्रोसेसवाल्याच्या संमतीपत्राची प्रत फाईलला लावा.
२) घातक कचऱ्याची रोजची नोंद नमुना ३ मध्ये ठेवा आणि वार्षिक विवरण नमुना ४ मध्ये ३० जूनपर्यंत भरा.
३) असा कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त आवारात ठेवू नका. ठेवाल तेवढे दिवस पक्क्या फरशीवर, छपराखाली ठेवा.
४) गाडी परवान्याचीच वापरा. रवानगीची चिठ्ठी, म्हणजे नमुना १० चे मॅनिफेस्ट, सही-शिक्क्यासह परत आले की ते खरेदीखताइतके जपा. जकात-विक्रीकराची जुनी बाडे टाकून दिली तरी हे कागद टाकू नका.
५) काळे तेल आणि जुन्या बॅटऱ्या नोंदणीकृत घेणाऱ्यालाच द्या आणि पावती घ्या. भंगारवाल्या बांधवांनी माल कोणाकडून आला हे लिहून ठेवावे.
६) जागा घेण्यापूर्वी सर्च रिपोर्टबरोबर शेजारच्या दोन-तीन विहिरींचे पाणी आणि प्लॉटची माती मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या. तो अहवाल खरेदीखताला जोडा. घेतली तेव्हा जागा कशी होती याचा तो तुमचा पुरावा आहे.
७) जागा भाड्याने देताना कचऱ्याचे कलम करारात घाला, आणि भाडेकरू गेल्यावर मागची बाजू स्वतः जाऊन पाहा.
८) छोट्या कारागिरांनी आठ-दहा जण मिळून महिन्याला एक गाडी लावावी. पण प्रत्येकाचे वजन वेगळे करून वेगळी नोंद ठेवावी.

शेवटी, ज्याची विहीर दुसऱ्याच्या कचऱ्याने बिघडली त्या बांधवासाठी. हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्याला आहे. भरपाई आणि जागा पूर्ववत करण्यासाठी तेथे कारण घडल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. पाण्याचा तपासणी अहवाल, तारखेसह छायाचित्रे आणि ग्रामपंचायतीला दिलेल्या अर्जाची पोच एवढे आजच जमवायला घ्या. तोंडी तक्रार कितीही खरी असली तरी तिचे वजन होत नाही.

दुकानातला माल गेला तर पुन्हा भरता येतो, उधारी बुडाली तर पुन्हा कमावता येते. जमिनीखालचे पाणी एकदा बिघडले की ते सुधारायला पिढ्या जातात, आणि त्याचे बिल कोणाच्या तरी नावाने निघतेच. ते नाव आपले असू नये यासाठी वर्षाला एक जाड फाईल ठेवावी लागते. त्याहून स्वस्त विमा बाजारात नाही.